लोड उतरवताना

नवतपाचा चौथा दिवस. गोळीबार चौकातल्या
माझ्या माडीवर दुपारी तीनला
बाहेर सेहेचाळीस, खोलीत एकोणचाळीस,
प्रोसेसरच्या पोटात अठ्ठ्याण्णव.

बेसा रोडवरच्या एका स्कीमचे बावीस मजले
मला उद्यापर्यंत उभे करायचेत:
काचा, सावल्या, पोहण्याच्या तलावावर
थरथरणारं निळं ऊन.
हिवाळ्यात एका फ्रेमला चार मिनिटं लागायची,
आता अकरा.
पडद्याच्या कोपऱ्यात आकडा घसरतोय,
साडेचार गिगाहर्ट्झ, तीन, पावणेदोन.
कुणी सांगितलं नाही त्याला.
शंभराचा उंबरा दिसला
की तोच आपला मागे सरतो
जळण्याआधी.

पंखे मात्र ओरडतात.

त्या आवाजानं खालचे बारापात्रे वर आले.
एकतीस वर्षं कोराडीत, बॉयलरच्या पाळ्या;
उजव्या कानानं ऐकू येत नाही, डाव्यानं जरा जास्तच.
दारातच थांबले, मान वाकडी करून.
"पोरी, हा काम करून नाही राह्यला,
नुसत्या धापा टाकून राह्यला."

उघडला डबा.
हीटसिंकच्या पात्यांत कूलरच्या वाळ्याच्या काड्या,
समोरच्या गादीवाल्याचा कापूस,
माझे दोन लांब केस,
सगळ्याचा मिळून नमदा झालेला.
काकांनी स्वतःचा दाढीचा ब्रश आणला.
जुना लेप खपलीसारखा सुटला, नवी पेस्ट
मी तांदळाच्या दाण्याएवढी टाकली.
"बस? एवढीशीच?"
जास्त झाली तर उष्णता अडते, काका.
हसले. खर्ऱ्याच्या चुन्याचंही तसंच, म्हणे,
हात सैल सुटला की तोंड भाजते.

मग स्टुलावर बसून विचारलं, हा खाते किती?
एकशे पंचवीस वॅट. जोरात असला की दोनशेच्या वर.
अन् त्यातलं कामात किती जाते?
मी अडले.
आत गेलेली वीज सगळीच्या सगळी
ऊन होऊनच बाहेर येते,
चित्र जाता जाता होतं.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"म्हणजे तिकडं आम्ही कोळसा जाळला,
पाणी उकळलं, चाक फिरवलं, तारेत घातलं,
अन् इथं येऊन तो पुन्हा तापलाच."

जाताना जिन्यावरून म्हणाले, लोड उतरव.
ट्रिप होण्यापेक्षा उतरवलेला बरा.
साहेब ओरडते तर ओरडू दे.
एका मे महिन्यात त्यांनी उतरवला नव्हता.
एवढंच बोलले,
उजवा कान चोळला, आणि खाली गेले.

मी मर्यादा पासष्टवर आणली. व्होल्टेजही किंचित खाली.
मला वाटलं होतं, निम्मी वीज म्हणजे निम्मा वेग.
साडेपाच मिनिटांत फ्रेम.
तो वरचा शेवटचा तुकडा,
ज्याच्यासाठी मशीन घेताना मी हौसेनं
अकरा हजार जास्त मोजले होते,
तोच एकटा निम्मी वीज गिळत होता.
एकाहत्तर अंश. पंखे कुजबुजीवर आले
आणि मला पहिल्यांदा गादीवाल्याचा रेडिओ ऐकू आला.

संध्याकाळी बिल्डरचा फोन.
चार मिनिटं म्हणाल्या होत्या ना मॅडम?
म्हटलं होतं. जानेवारीत.

रात्री दोनला टिनाचं छप्पर
कडकड आवाज करत आकसतं.
बाहेर तेहेतीस. मर्यादा पुन्हा मोकळी सोडली,
आकडा चढला साडेचारवर, तोही न विचारता.
खाली बारापात्र्यांच्या कूलरमधलं पाणी संपलं असावं,
पंप कोरडाच घरघरतोय.
सतराव्या मजल्याच्या काचेत खोटी सकाळ उतरतेय
आणि टेबलाखाली, माझ्या पायांपाशी,
कोराडीचा मूठभर कोळसा
अजून गरम.